शेवट सांगायचा नाही, पण सावध तर करायचं: जमवायचं कसं?

कडूगोड
नाशकात आमची पुस्तक भिशी आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचं, एकीने एका पुस्तकाची ओळख करून द्यायची, मग चहा-पोहे आणि गावगप्पा. गेल्या वेळी एका ताईंनी कादंबरीची ओळख करून देताना सुरुवातीलाच सांगून टाकलं, "यात एक लहान मूल दगावतं. ज्यांना असलं वाचवत नाही त्यांनी जपून." झालं! एक काकू तीच कादंबरी निम्मी वाचून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता उरलेलं पुस्तक मी काय वाचू? प्रत्येक पानावर त्या पोराचं काय होतंय एवढंच बघत बसणार." तेवढ्यात कोपऱ्यातून तिसरी म्हणाली, बरं झालं सांगितलंत, मी नेणारच होते, आता सध्या नको. ती असं का म्हणाली ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तिथे पुढे कोणी बोललं नाही. घरी पोचल्यावर व्हॉट्सॅपवर जे पेटलं ते मात्र अजून विझलेलं नाही.

पुढची पाळी माझी आहे आणि माझ्या पुस्तकातही असंच एक वळण आहे. (नाव विचारू नका. भिशीतल्या दोघी इथे वाचतात.) रहस्य फोडू नये, मान्य. धक्का बसेल असं काही असेल तर आधी सांगावं, तेही मान्य. पण सांगणं म्हणजेच फोडणं असेल तर? आणि जाता जाता: गोष्टीचा शेवट किती वर्षं गुपित ठेवायचा असतो?

रात्रपाळी
महाभारतात शेवटी कोण जिंकतं ते कृपया कोणी लिहू नका. माझं वनपर्व चालू आहे.

तिखटमीठ
@रात्रपाळी, सगळे हरतात. दिवे घ्या.

नाट्यवेडा_सांगली
प्रश्न चांगला आहे, पण मुळात या शेवटाचं एवढं स्तोम कधीपासून माजलं? 'संगीत सौभद्र' १८८२ सालचं. त्यातला यती म्हणजे अर्जुन हे पडदा उघडायच्या आधीपासून शेवटच्या रांगेलाही माहीत असतं. माहीत नसतं ते एकट्या बलरामाला, आणि सगळी गंमत तिथेच आहे. कृष्णाला ठाऊक, आपल्याला ठाऊक, आणि बलरामदादा आपल्या हाताने बहिणीला यतीच्या सेवेला धाडतायत! शेवट आधी कळला म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

कोकणातला दशावतार घ्या. कोण मरणार, कोण तरणार हे पोराटोरांना पाठ. रात्रभर जागायचं ते राजा आज कोण झालाय आणि आयत्या वेळी संवाद कसे रंगवतोय ते बघायला, कारण संवाद लिहिलेले नसतातच. कीर्तनाच्या उत्तररंगातलं आख्यानही श्रोत्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं.

तेव्हा 'स्पॉयलर, स्पॉयलर' करत कानात बोटं घालणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे. ज्याचा रस शेवट कळल्यावर उडतो, त्यात मुळात रस किती होता?

फिल्मीचक्कर
काका रॉक्स. पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

तिखटमीठ
नाट्यवेडाकाका, पौराणिक नाटकाचा न्याय खुनाच्या गोष्टीला लावू नका. अगाथा ख्रिस्तीचं 'माउसट्रॅप' लंडनमध्ये १९५२ पासून चालू आहे, कोविडमुळे २०२० ते २१ मध्ये पडला तो काय खंड. प्रयोग संपला की नटच प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आणि लोक बऱ्यापैकी पाळतात! २०१० मध्ये विकिपीडियावर शेवट लिहिलाय म्हणून ख्रिस्तीबाईंचा नातू नाराज झाला होता. विकिपीडियावाल्यांचं म्हणणं, ज्ञानकोशात सगळं असायचंच, नको असेल त्याने वाचू नये. या भांडणात मी नातवाच्या बाजूने. हिचकॉकने तर १९६० साली 'सायको' सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्याला थिएटरात घ्यायचंच नाही असा दंडक घातला होता. एवढा आटापिटा करणाऱ्या माणसांना रस कशात असतो ते कळत नव्हतं असं म्हणायचंय का तुम्हाला?

अवांतर: आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातल्या एका जुनाट रहस्यकथेत, चाळिसाव्या पानाच्या समासात, एका पात्राच्या नावाकडे पेन्सिलीने बाण काढून लिहिलं होतं, "हाच खुनी." त्याखाली वेगळ्या अक्षरात, "मलाही असंच वाटलं होतं." आणि त्याखाली निळ्या शाईत, "दोघांनीही गप्प बसावे. - ग्रंथपाल." मी हट्टाने शेवटापर्यंत गेले. खुनी तो नव्हताच. त्या पहिल्या महाभागाने जी हुलकावणी दिली ती लेखकाला साधली नव्हती.

गुळांबा
@तिखटमीठ, मी ग्रंथालयात काम करते. निळ्या शाईवाल्या आमच्या बंधूंना दंडवत.

एडिसनकर
पुस्तकं राहू द्या, क्रिकेटचं बोला. २०२३ च्या वर्ल्ड कपची फायनल, १९ नोव्हेंबर, अहमदाबादला दुपारी दोनला सुरू. म्हणजे आमच्याकडे न्यू जर्सीत पहाटे साडेतीन. उठल्यावर पहिल्या चेंडूपासून बघू म्हणून झोपलो, फोन बंद, बायकोला ताकीद. तरी तिच्या टॅबवर सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आलाच. ते मॅचबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. फक्त "बाकी सगळं बरं ना? जेवून घ्या वेळेवर" इतक्या पडेल आवाजात म्हणाले की मी टीव्ही बंद केला. माझ्याकडे तेव्हा आपली बॅटिंगही संपली नव्हती.

रात्रपाळी
तुम्ही सातासमुद्रापलीकडे. मी चाळीत. माझी मॅच मोबाइलवर, शेजाऱ्यांची केबलवर, आणि मोबाइल कायम मागे. माझा बॉलर अजून रनअपच्या टोकाला मिशी पुसतोय आणि भिंतीपलीकडून "गेला रे गेलाऽऽ". आता मी ठोका ऐकतो आणि मग कोण गेला एवढंच बघायला मोबाइल उघडतो.

पणजीकर
दर २ ऑक्टोबरला अख्खा देश आमच्या पणजीत सत्संगाला आणि पावभाजी खायला येतो, मीमवर. 'दृश्यम' (निशिकांत कामतांचा हिंदी, २०१५) न पाहिलेल्यांनाही तारीख पाठ. पण गंमत बघा, त्या तारखेने काहीच फुटत नाही. मारलं कोणी तेही सिनेमा बऱ्यापैकी आधीच दाखवून मोकळा होतो. झाकलेली गोष्ट एकच आहे, आणि मीमवाल्यांनीही ती शक्यतो झाकूनच ठेवलीय. कुठलं सांगायचं आणि कुठलं नाही हे लोकांना न शिकवता कळतं.

नाट्यवेडा_सांगली
म्हणजे ते शेवटी पोलीस [प्रतिसाद संपादित]

फिल्मीचक्कर
काका!!!

नाट्यवेडा_सांगली
खोडलं. पण मुद्दा खोडत नाही.

घाटावरची
'सैराट' आठवतोय? २०१६. आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये 'झिंगाट'ला पोरं पडद्यापुढे जाऊन नाचत होती, चिल्लर उधळत होती. शेवट इथे लिहीत नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना लिहायची गरज नाही, आवाज बंद होतो ती जागा. सुटल्यावर जिन्यात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बाहेर पुढच्या खेळाची रांग शिट्ट्या मारत उभी होती आणि आमच्यातल्या एकानेही त्यांना काही सांगितलं नाही. मला ते पटलं. माणसं तयारीने बसू नयेत म्हणून तर तो सिनेमा तसा केलाय.

पण माझी एक मैत्रीण आहे. जातीबाहेर लग्न, माहेरून धमक्या. गाण्यांचा सिनेमा म्हणून ती नवऱ्याबरोबर गेली. पुढे कितीतरी दिवस संध्याकाळी दाराची कडी वाजली की नवरा आधी खिडकीतून बघायचा आणि मग दार उघडायचं, असं चाललं होतं त्यांच्याकडे. तिला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. थिएटरभर पाटी लावून नव्हे, तिला एकटीला.

थोडक्यात, माणूस बघून सांगा.

तिखटमीठ
@घाटावरची, माणूस बघून हे बोलायला बरं आहे. मैत्रिणीचं तुम्हाला माहीत होतं. भिशीत पंधरा बाया असतात, कोणाच्या घरात काय होऊन गेलंय ते कपाळावर लिहिलेलं नसतं. आणि ज्यांचं खरंच काही असतं त्या बहुतेक वेळा बोलत नाहीत.

घाटावरची
हे खरं. आमच्या गल्लीतही कळायला वर्षं जातात.

मनोमन
समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

अशा सूचनेने नेमकं काय साधतं यावर बरेच प्रयोग झालेत आणि २०२३ मध्ये ते एकत्र करून पाहणारा अभ्यास आला. त्याचा निष्कर्ष दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. आधी सांगितल्याने नंतर होणारा त्रास कमी होत नाही. उलट वाट बघतानाची धाकधूक थोडी वाढते. (कडूगोड यांच्या काकू "बघत बसणार" म्हणाल्या ते अगदी हेच.) आणि सूचना वाचून लोक ती गोष्ट टाळतात असंही फारसं दिसत नाही. आता प्रयोगात कोणाला एक उतारा वाचायला देणं निराळं, आणि कोपऱ्यातल्या त्या बाईंनी "सध्या नको" म्हणणं निराळं. तिचं दुःख सूचनेने हलकं होणार नव्हतंच, तिला वेळ निवडता आली. सूचनेकडून मी तरी एवढीच अपेक्षा ठेवते.

एका बाबतीत मात्र मी रहस्य-बिहस्य मानत नाही. आत्महत्या. तिथे सूचना दिली की नाही यापेक्षा तुम्ही कसं बोलता ते जास्त महत्त्वाचं. पद्धत, जागा, चिठ्ठीत काय होतं, यातलं काहीही ओळख करून देताना सांगू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाच्या आधारे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वर्तमानपत्रांना हेच सांगितलंय, चारचौघांत पुस्तकाबद्दल बोलताना ते पाळायला काय हरकत आहे? "शेवट जिव्हारी लागणारा आहे, मन खचलेलं असेल तर आत्ता हातात घेऊ नका," इतकं पुरतं. आणि कोणाला बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

रात्रपाळी
नंबर लिहून घेतला. आभार, ताई.

अर्धवट_वाचक
नाट्यवेडाकाकांच्या हातात आयतं कोलीत देतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो शाखेत लीविट आणि ख्रिस्टनफेल्ड या दोघांनी २०११ मध्ये बारा कथा घेऊन प्रयोग केला. काहींना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांना कथा जास्त आवडल्या. रहस्यकथासुद्धा! पुढे इतरांना उलटही आढळलंय, त्यामुळे काकांनी लगेच गुलाल उधळू नये.

मी स्वतः शेवटचं पान आधी वाचतो. नायक जगणार हे कळलं की मग निवांतपणे भाषा बघता येते.

तिखटमीठ
तुम्ही वाचा हो. आपण होऊन शेवटचं पान उघडणं आणि दुसऱ्याने ते कानात ओतणं यात फरक आहे. आणि प्रयोगातल्या लोकांना त्या कथा कोणीतरी आणून दिल्या होत्या. मी ज्या पुस्तकासाठी वाचनालयात नंबर लावून बसलेय त्याचं कोणी फोडलं, तर माझा राग मोजायला ते दोघे येणार आहेत का?

नाट्यवेडा_सांगली
गुलाल आणला होता. ठेवून देतो.

फिल्मीचक्कर
ओटीटीवर सुरुवातीला कोपऱ्यात येतं ना, "यू/ए १६+, हिंसा, शिवराळ भाषा", ते २०२१ च्या नियमांमुळे. थिएटरच्या सिनेमांनाही आता यूएचे ७+, १३+, १६+ असे भाग झालेत, कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून. तीन-चार शब्दांत काम होतं आणि गोष्ट फुटत नाही. भिशीतही तसंच करा की.

अवांतर: पाट्यांचा अतिरेकही आपल्याकडेच. सिगारेट ओढण्याच्या दृश्यावर पाटी येणार म्हणून वुडी अ‍ॅलनने २०१३ मध्ये आपला सिनेमा भारतात लावलाच नाही.

घाटावरची
"हिंसा" या शब्दात एका थोबाडीतपासून कत्तलीपर्यंत सगळं बसतं. माझ्या मैत्रिणीला "हिंसा" वाचून काय कळलं असतं? हाणामारीचा सिनेमा म्हणून ती उलट निर्धास्त गेली असती.

अर्धवट_वाचक
हीच तर खरी गोची आहे. ज्याला सूचना हवी असते त्याला नेमकं तेवढंच कळायला हवं असतं, जे बाकीच्या सगळ्यांपासून लपवायचं आहे.

सिनेमात कुत्रा मरतो का, एवढंच विचारणारं एक इंग्रजी संकेतस्थळ आहे, नावही तेच. आता तिथे कुत्र्यापासून इंजेक्शनच्या सुईपर्यंत शेकडो गोष्टी बघता येतात. आपल्याला जे सोसत नाही त्याचं 'हो' की 'नाही' बघायचं आणि निघायचं. ज्याला बघायचं नाही त्याच्या डोळ्यांपुढे ते येतच नाही.

रात्रपाळी
माणसं पटापट मेलेली चालतात, कुत्र्याला खरचटलेलं चालत नाही. माझ्या बहिणीचा नियम.

पणजीकर
बहीण बरोबर आहे.

गुळांबा
@कडूगोड, अर्धवट_वाचक म्हणतात ते तुमच्या भिशीत कागदावर जमेल. ग्रंथालयाच्या पुस्तकात शेवटच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा असतो, कार्ड ठेवायचा. तसा खिसा डकवा आणि आत घडी घातलेली चिठ्ठी. तोंडी बोलताना मोघम सांगा, "जड आहे, काही जागा अवघड आहेत, खिशात चिठ्ठी आहे." ज्यांना हवी त्या उघडतील.

चिठ्ठीत विषय लिहा आणि तो किती अंगावर येतो ते लिहा. कोणाच्या बाबतीत घडतं, का घडतं, ते नको. त्यापेक्षा पानं द्या. "१८२ ते १९० ओलांडली तरी गोष्ट तुटत नाही," हे वाचणाऱ्याच्या खरंच उपयोगाचं असतं.

मनोमन
छान. एकच शंका. भर भिशीत चिठ्ठी उघडणारी बाई सगळ्यांच्या नजरेत येणार. "हिचं काय बरं असेल" सुरू होईल.

गुळांबा
म्हणून प्रत्येक पुस्तकात ठेवायची. विनोदी पुस्तकातसुद्धा. आत "काही नाही, खुशाल वाचा" लिहायचं. आणि पुस्तक घरी गेल्यावरच उघडायची असा रिवाज पाडा.

फिल्मीचक्कर
विनोदी पुस्तकात "हसू येईलच असं नाही" अशीही सूचना हवी.

तिखटमीठ
मुदतीचा प्रश्न राहिलाच. माझं मत: सिनेमा ओटीटीवर आल्यावर महिनाभर थांबा, मग ज्याचं त्याने बघावं. मालिकांना मुदत नाही, कारण महाएपिसोडचा प्रोमोच आठवडाभर आधी सगळं सांगून टाकतो. पुस्तकाचं तोंड मात्र कधीच उघडायचं नाही. पन्नास वर्षांपूर्वीची कादंबरी आज कोणीतरी विशीतली मुलगी पहिल्यांदा उघडत असते.

नाट्यवेडा_सांगली
हे मात्र मान्य. माझ्या नातीने परवा एका जुन्या नाटकाचं पुस्तक घेतलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने पुस्तक मिटून नुसतं माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायलो.

कडूगोड
सगळ्यांचे आभार. खिसा आणि चिठ्ठी ठरलं, मनोमन यांचा मुद्दाही घेतला. काकू अजून फुरंगटून आहेत, पण पुस्तक संपवलंय त्यांनी. मूल जातं त्यापेक्षा त्यानंतर आजीचं जे होतं त्याने जास्त रडवलं म्हणाल्या, आणि तेही सांगायला हवं होतं म्हणून पुन्हा भांडल्या.

आता नवीनच पंचाईत. चिठ्ठी लिहायची म्हणून काल माझं पुस्तक पुन्हा काढलं. बघते तर प्रस्तावनेच्या दुसऱ्याच पानावर ते वळण, त्यामागचं कारण, आणि बाईंचं पुढे काय होतं, सगळं साग्रसंगीत मांडून ठेवलंय. वर "चाणाक्ष वाचकांच्या हे ध्यानात आलेच असेल"! मी पहिल्यांदा प्रस्तावना ओलांडून गेले होते म्हणून बचावले. ही चार पानं काय करू?

नाट्यवेडा_सांगली
प्रस्तावना ही पुस्तक वाचून झालेल्याने वाचायची गोष्ट. ती पुढे का छापतात ते प्रकाशकांनाच ठाऊक.

तिखटमीठ
मलपृष्ठही तपासा. तिथे "आणि मग एके दिवशी" असं वाक्य असेल तर पुढचं वाचू नका.

गुळांबा
त्या चार पानांभोवती कागदाचा पट्टा गुंडाळा, टोकाला खळीचा ठिपका. टाचणी गंजते, स्टेपल काढताना पान फाटतं.

कडूगोड
पट्ट्यावर काय लिहू?

रात्रपाळी
"पुढे घाट आहे. वाहने पर्यायी मार्गाने न्यावीत."

गुळांबा
"पान १७ पासून सुरुवात," एवढंच लिहा. त्याहून जास्त काही लिहिलंत तर आधी पट्टाच सोडतील.